वाड्यात सापडलेलं जुनं खिशातलं रिव्हॉल्व्हर: बनवणारा कोण असेल?

वर्धाकाठची

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यात आमचं जुनं घर आहे. गावात त्याला अजून मालगुजाराचा वाडा म्हणतात, पण राहतात मोठे बाबा आणि मोठी आई दोघंच. पावसाळ्याआधी कवेलू फेरायला माणसं लावली होती. माडीवरच्या भिंतीतली एक दिवळी फळी ठोकून बंद केलेली होती. ती फळी सडून निखळली आणि आत पत्र्याचा डबा निघाला. डब्यात तेलकट फडक्यात गुंडाळलेलं एक छोटं रिव्हॉल्व्हर होतं.

वीतभरही लांब नाही, तळहातावर मावतं. नळी आखूड, जेमतेम अडीच इंच. फिरणाऱ्या चक्रीत पाच घरं. मूठ लाकडाची, खाली पोपटाच्या चोचीसारखी वळलेली. मुठीवर बारीक चौकड्या कोरल्या आहेत, त्या अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झाल्यात. चक्रीच्या वरच्या पट्टीवर इंग्रजीत 'ब्रिटिश बुल डॉग' असं लिहिलेलं वाचता येतं. बाकी सगळं काळं पडलंय.

घरात सगळे सांगतात की आमच्या पणजोबांनी शिकारीत एका इंग्रज साहेबाचा जीव वाचवला म्हणून त्याने हे विलायतेहून मागवून भेट दिलं. मोठे बाबा म्हणतात, "कायले झंझट पायजे? विहिरीत टाकून दे." मला ते टाकायचं नाही. कुणी बनवलं, कधी बनवलं, हे कळलं तर घराच्या इतिहासाचा एक धागा हाती लागेल. जाणकारांनी सांगावं.

पऱ्हाटी

ताई, बाकी सारं मागून. पयले थे भरेल हाय का खाली हाय थे पाहा. आमच्या इकडे यवतमाळकडं एका वाड्यात भरमार बंदूक निंगाली होती, भिंतीले टांगेल. साऱ्याइले वाटे खाली हाय. नळीत बारूद तसाच होता. जुनं हाय म्हनून मेलं असन असं समजू नका. आन पोरासोराइच्या हाती देऊ नका.

फौजी_चांदूर

पऱ्हाटी भाऊंचं बोलणं शंभर टक्के बरोबर. मी फौजेत आरमोरर होतो, हत्यारांची देखभाल हेच माझं काम होतं. ताई, हे क्रमाने करा.

नळीचं तोंड माणसाकडे, घराकडे, गोठ्याकडे नको. भिंतीला टेकलेल्या मातीच्या ढिगाकडे किंवा भरलेल्या पोत्याकडे ठेवा. घोड्याला (मागून आपटणाऱ्या हातोडीला) आणि ट्रिगरला हात लावायचा नाही. उजव्या बाजूला, चक्रीच्या मागे, एक छोटं झाकण असतं, ते नखाने बाहेर ओढलं की उघडतं. त्यातून एका वेळी एकच घर दिसतं. आत काडतुसाचं पितळी बूड दिसलं तर तिथेच थांबा, हात काढा आणि पोलिसांना बोलवा. झाकण किंवा चक्री अडकली असेल तर जोर लावू नका, भरलेलं आहे असंच धरून चाला. समोरून नळीत डोकावून पाहायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

वर्धाकाठची

धन्यवाद फौजी काका. तुम्ही सांगितलं तसंच केलं. झाकण उघडलं, चक्री हळूहळू फिरली, पाचही घरं रिकामी आहेत. डब्यातही काडतूस नाही. आता कुलूपबंद कपाटात ठेवलंय.

सातपुडा_७

हे वेब्लेचंच. ब्रिटिश बुल डॉग हे वेब्लेचं मॉडेल, १८७२ साली बाजारात आलं, बर्मिंगहॅमचा कारखाना. नावच लिहिलंय तर शंका कसली? भारी वस्तू आहे, किंमत चांगली येईल.

संपादक मंडळ

शस्त्राची किंमत, विक्री, खरेदी यावर इथे चर्चा नको. ओळख, इतिहास आणि कायदा यावर जरूर बोला.

जुनंलोखंड

सातपुडा, मॉडेलची माहिती बरोबर आहे, पण निष्कर्षाची घाई होतेय. अमरावतीला बसून गेली बरीच वर्षं मी जुन्या शस्त्रांवरच्या खुणांचा अभ्यास करतो. सगळ्यात जास्त फसगत होते ती वरच्या पट्टीवरच्या नावाने, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेब्लेचं बुल डॉग इतकं खपलं की त्याची नक्कल बेल्जियम, अमेरिका, स्पेन, फ्रान्स सगळीकडे सुरू झाली. अमेरिकेत फोरहँड अँड वॅड्सवर्थ कंपनी तर आपल्या मालावर सरळ 'ब्रिटिश बुल डॉग' छापायची. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली तीही बुल डॉगचीच. नाव जगभर पोचलं होतं आणि ते छापायला कुणाची परवानगी लागत नव्हती. तेव्हा 'ब्रिटिश बुल डॉग' या शब्दांतून फक्त घडण कळते. कारखाना कळत नाही, देशही कळत नाही.

दुसरी गोष्ट दुकानदारांच्या नावाची. आपल्याकडच्या जुन्या हत्यारांवर कलकत्त्याच्या मँटनचं नाव सापडतं, रोड्डाचं सापडतं, विलायतेच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचं सापडतं. १९१४ मध्ये बंगालच्या क्रांतिकारकांनी ज्यांची ५० माऊझर पिस्तुलं पळवली, तेच हे रोड्डा. हे मुख्यतः विक्रेते. माल बर्मिंगहॅमचा किंवा बेल्जियममधल्या लीज शहराचा, वर नाव दुकानाचं. घरोघरी "आमच्याकडे मँटनचं रिव्हॉल्व्हर आहे" असं ऐकू येतं, पण ते बनवणारे हात बहुतेक वेळा दुसऱ्याच गावचे असतात.

मग बनवणारा ओळखायचा कसा? प्रूफच्या खुणांवरून. युरोपात हत्यार विकण्याआधी त्याची सरकारमान्य परीक्षा व्हायची. जास्तीची दारू भरून बार काढायचा, नळी आणि चक्री टिकली तर त्यावर ठसा मारायचा. हा ठसा दुकानदार मारत नाही, परीक्षागृह मारतं, म्हणून मी आधी तोच शोधतो.

वर्धाकाठची ताई, तुमचं जर खरंच बर्मिंगहॅमचं असेल तर मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड दिसायला हवेत. लंडनचं असेल तर मुकुटाखाली 'व्ही' आणि मुकुटाखाली 'जीपी' ही गुंफलेली अक्षरं. वेब्लेची स्वतःची एक खूण होती, पंख असलेली गोळी. आणि लीजचं असेल तर लंबगोलात 'ईएलजी' ही अक्षरं आणि खाली तारा. बहुतेक वेळा ती चक्रीच्या बाहेरच्या अंगावर किंवा पुढच्या तोंडावर असते.

आता हात जोडून विनंती. चिंच, लिंबू, राख, पॉलिश पेपर, ब्रासो, काहीही लावू नका. या खुणा अर्ध्या मिलिमीटरहूनही उथळ असतात. मी एक रिव्हॉल्व्हर पाहिलंय, घरच्यांनी दसऱ्याच्या पूजेसाठी दरवर्षी घासून आरशासारखं केलेलं. त्यावर एकही खूण वाचण्याजोगी उरली नव्हती. आता ते कुणाचं, हे कधीच कळणार नाही.

शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब टाका, रात्रभर राहू द्या, जुन्या मऊ टूथब्रशने हलकेच काळं सोडवा, सुती कपड्याने टिपा. मग टाल्कम पावडर बोटाने चोळून वरवर पुसून घ्या. कोरलेल्या भागात पावडर अडकून राहते आणि पुसट अक्षर पांढरं उठून दिसतं. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरा आणि दुसऱ्या मोबाइलने फोटो काढा. समोरून फ्लॅश मारला तर सगळं सपाट दिसतं.

मुठीचा स्क्रू मात्र काढू नका. घरातल्या पेचकसाचं टोक त्या बारीक खाचेत नीट बसत नाही, खाच फाटते आणि लाकूड तडकतं.

फौजी_चांदूर

यात एक भर. चक्रीवर, फ्रेमवर, झाकणाच्या आत एकच छोटा आकडा पुन्हा पुन्हा दिसला तर तो अनुक्रमांक असेलच असं नाही. हाताने कानस मारून बसवलेले भाग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून कारागीर असे जुळणीचे आकडे घालायचे. त्यावरून साल काढायला जाऊ नका.

परतवाड्याचा_वकील

इतिहासाची चर्चा रंगात आली आहे, पण ताई, तुम्ही कायद्याच्या बाजूने धोक्याच्या जागी उभ्या आहात, म्हणून मध्येच बोलतो.

शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय अग्निशस्त्र जवळ ठेवता येत नाही. "जुनं आहे, शोभेचं आहे" म्हणून सूट आपोआप मिळत नाही. कलम ४५ मध्ये जुन्या पद्धतीच्या किंवा पुरातन मोलाच्या शस्त्राला सूट आहे, पण अट अशी की ते दुरुस्ती करून किंवा न करता, कसंही वापरता येण्याजोगं नसावं. तुमची चक्री फिरते, झाकण उघडतं. ते वापरण्याजोगं आहे की नाही हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. त्यासाठी तज्ज्ञाचा अभिप्राय लागतो.

कलम २१ सांगतं की शस्त्र बाळगणं कायदेशीर राहिलं नसेल तर विनाकारण उशीर न करता ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं. तुम्ही स्वतःहून कळवणं आणि उद्या कुणी खबर दिल्यावर झडतीत सापडणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

विहिरीत टाकणं हा तर सगळ्यात वाईट उपाय. उन्हाळ्यात गाळ उपसताना ते वर येईल आणि मग उत्तर देणं अवघड जाईल. एसटीत पिशवीत घालून ठाण्यात नेऊ नका. रस्त्यात तपासणी झाली तर तुमच्या हातात विनापरवाना शस्त्र आहे एवढंच दिसेल. गावच्या पोलीस पाटलांना सांगा, ठाणेदारांना फोन आणि लेखी अर्ज द्या, घरी पंचनामा करायला बोलवा. कुठे, कधी, कुणासमोर सापडलं ते अर्जात लिहा. कवेलू फेरणाऱ्या माणसांची नावं साक्षीदार म्हणून घाला. जमा केल्याची पावती घ्या. पुढे वारस म्हणून परवान्यासाठी किंवा पुरातन वस्तू म्हणून सूट मिळण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

खुणांचे फोटो काढून घ्या, पण त्यासाठी थांबून राहू नका.

लिंबोणी

वाचतेय. काय छान धागा आहे. ताई, पुढे काय झालं ते नक्की लिहा.

वर्धाकाठची

वकील साहेब, मनापासून आभार. पोलीस पाटील काकांना आजच सांगितलं, ते ठाणेदार साहेबांशी बोललेत. उद्या सकाळी माणसं येणार आहेत.

आता खुणा. जुनंलोखंड काका, तेल आणि पावडरचा उपाय केला. आधी वाटलं काहीच नाही. टॉर्च जवळजवळ चक्रीला टेकवून धरला तेव्हा एका घराच्या बाहेरच्या अंगावर लंबगोल उमटला. ई, एल आणि जी, तिन्ही अक्षरं स्पष्ट, खाली बारका तारा. लंबगोलाच्या वर काही नाही, मी भिंगाने पाहिलं. शेजारी आणखी एक अगदी छोटी खूण, वर तारा आणि खाली एकच अक्षर, बहुधा 'एच'.

आणि फ्रेमच्या डाव्या बाजूला, मुठीच्या लाकडाला लागून, जिथे तेल सुकून डांबरासारखं झालं होतं, तिथे एक छोटा मुकुट आणि त्याखाली 'ए' आणि 'एफ'. मोठी आई चष्मा लावून म्हणाली, "हे तं एफच होय, ई नोहे." राजदंड कुठेच नाहीत. पंखवाली गोळी नाही. चक्रीच्या घराचा व्यास शाळेतल्या व्हर्नियरने ८.२ मिमी भरला.

जुनंलोखंड

ताई, फार नीट काम केलंत. आता एकेक उलगडू.

लंबगोलातलं ईएलजी आणि तारा म्हणजे बेल्जियममधल्या लीज शहराचं परीक्षागृह. तिथे हत्यारांची परीक्षा १६७२ पासून चालत आलेली. म्हणजे नाव 'ब्रिटिश', पण इंग्लंडशी त्याचा संबंध वरच्या पट्टीवरच्या अक्षरांपुरता.

लंबगोलाच्या वर काही नाही, हे तुम्ही भिंगाने पाहिलंत ते फार मोलाचं. १८९३ पासून त्या लंबगोलावर मुकुट आला. तुमच्यावर मुकुट नाही, म्हणजे परीक्षा त्याआधीची. शेजारची तारा-आणि-अक्षर ही तपासनिसाची खूण. १८७७ च्या आधी तपासनिसाच्या अक्षरावर मुकुट असायचा, नंतर तारा आला. दोन्ही जोडा: १८७७ ते १८९३. सोळा वर्षांची खिडकी मिळाली, तीही कुठल्याही कागदाशिवाय.

आता मुकुट आणि एएफ. इथे गोंधळ होऊ शकतो, कारण जुन्या तपासनिसांची खूणही मुकुटाखालीच असायची. पण तिथे अक्षर एक असतं. तुमच्याकडे दोन आहेत, ती जागाही वेगळी, आणि तपासनिसाची ताऱ्याची खूण तुम्हाला आधीच स्वतंत्र मिळालेली आहे. मुकुटाखाली 'एएफ' हा ऑगस्ट फ्रँकोट या लीजच्या कारखानदाराचा छाप. लीजच्या नामांकित घराण्यांपैकी एक. मार्टिनी पद्धतीच्या लहान रायफलींमध्ये आतली सगळी यंत्रणा एका तुकड्यात बाहेर काढायची जी सोय असते, तिच्यावर 'फ्रँकोट्स पेटंट' असं लिहिलेलं सापडतं, तेच हे फ्रँकोट.

घराचा व्यास ८.२ मिमी म्हणजे ३२० बोअर (इंचात मोजलेलं माप, ०.३२०). खिशातल्या बुल डॉगमध्ये ही काडतुसं भरपूर चालायची. मोठ्या बुल डॉगना ४४२ किंवा ४५० बोअर असायचा.

लीजबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे एका छपराखाली सगळं बनत नसे. आसपासच्या गावांत घरोघरी भट्ट्या आणि कानशी चालायच्या. एक घर नुसते घोडे घडवणार, दुसरं चक्र्या, तिसरं मुठीवर चौकड्या कोरणार. भाग गोळा करून जुळणी व्हायची, मग परीक्षागृह, मग व्यापारी. म्हणून लीजच्या कितीतरी रिव्हॉल्व्हरवर बनवणाऱ्याचं नावच नसतं, फक्त ईएलजी असतं, आणि शोध तिथेच थांबतो. तुमच्यावर कारखानदाराचा छाप टिकला हे नशीब. टिकला तो त्या सुकलेल्या तेलाखाली, कारण तिथे कुणाचं फडकं पोचलं नाही.

सातपुडा_७

काका, मग दर्रा (पेशावरकडचं हाताने बंदुका घडवणारं गाव) किंवा देशी नक्कल असण्याची शक्यता किती? त्यांच्यावरही विलायती ठसे असतात असं ऐकलंय.

जुनंलोखंड

चांगला प्रश्न. दर्रा आदमखेलच्या नकलांवर ठसे असतात, पण तिथे कारागिराने इंग्रजी न वाचता अक्षराचा आकार तेवढा उतरवलेला असतो. 'एन' उलटा, स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर गायब, ओळ तिरकी. आणि ते नक्कल करतात ती ओळखीच्या मोठ्या छापाची. तपासनिसाचा सुईच्या टोकाएवढा तारा आणि एक अक्षर कुणी कशाला कोरत बसेल? ताईंच्या फोटोत तो तारा पाचही टोकांनी स्वच्छ आहे. मला हे अस्सल लीजचं वाटतं.

रानमोगरा

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून काळाबद्दल लिहिते. १८७७ ते १८९३ हा काळ आपल्या भागाशी अगदी जुळतो. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ मध्ये लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाड, हिंगणघाट, आर्वीकडच्या कापसाला अचानक भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, वर्धा त्याच मार्गावर. पुढे पुलगावहून आर्वीपर्यंत नॅरोगेज टाकली तीही कापसासाठी. ज्यांच्याकडे जमीन आणि जिनिंग होतं त्यांच्या हातात रोकड आली. हंगामात पैसे घेऊन बंडीने रात्रीचा प्रवास करणारा माणूस खिशात मावणारं हत्यार घेणारच.

त्यासाठी साहेबाची भेट असायची गरज नाही. मुंबई-कलकत्त्याची दुकानं माल पोस्टाने आणि रेल्वेने पाठवत. मात्र १८७८ चा शस्त्र कायदा व्हाइसरॉय लिटनच्या काळात आला आणि हिंदी माणसाला परवाना घेणं भाग पडलं. त्यामुळे ताई, तुमच्या पणजोबांनी हे रीतसर ठेवलं असेल तर त्याचा कागद कुठेतरी असला पाहिजे. घरी दप्तर शिल्लक आहे का? शेतीच्या कागदांचं गाठोडं, वहीखाते?

पऱ्हाटी

मोगरा ताई, बरोबर बोलल्या. आमचे आबाजी सांगत, कापसाचे चुकारे घेऊन येताना बंडीत दोन मानसं जागे रायत. वाटेत नाल्यावर लुटत असत.

वर्धाकाठची

मंडळी, काल पंचनामा झाला. सविस्तर लिहायचं होतं पण घरात पाहुणेच पाहुणे, अर्धं गाव पाहायला आलं होतं.

ठाणेदार साहेब समजूतदार निघाले. जमादारांनी आधी कागदावर "एक जुने इंग्लंड बनावटीचे रिव्हॉल्व्हर" असं लिहिलं होतं. मी जुनंलोखंड काकांचा प्रतिसाद मोबाइलवर दाखवला आणि विनंती केली की खुणा जशा दिसतात तशा लिहा. वकील साहेबांनाही फोन लावून दिला. शेवटी पंचनाम्यात असं आलं: पाच घरांची चक्री, पट्टीवर इंग्रजी मजकूर, चक्रीवर लंबगोलात तीन अक्षरे व तारा, मुठीजवळ मुकुट व दोन अक्षरे, मुठीच्या उजव्या बाजूस लाकडाला लहान चीर. चार फोटो जोडले. पावती माझ्याजवळ आहे. तज्ज्ञांच्या अभिप्रायासाठी पाठवतील म्हणाले.

रानमोगरा, तुमच्या सांगण्यावरून मोठ्या बाबांनी दप्तराचं गाठोडं सोडलं. वसुलीच्या वह्यांमध्ये घडी घातलेला छापील परवाना निघाला. वाळवीने खालचा कोपरा खाल्लाय, साल त्याच कोपऱ्यात होतं. पण शस्त्राच्या रकान्यात हाताने लिहिलेलं वाचता येतं: रिव्हॉल्व्हर एक, ३२० बोअर. आणि कारणाच्या रकान्यात स्वसंरक्षण. भेट, साहेब, शिकार यांचा कुठेच उल्लेख नाही. पणजोबांचं नाव पूर्ण आहे.

मोठ्या बाबांना ते वाचून दाखवलं. बराच वेळ कागद हातात धरून होते. म्हणाले, "मंग बुढ्यानं सोताच्या पैशानं घेतलं म्हना." त्यात त्यांना जास्त अभिमान वाटला असं मला दिसलं.

परतवाड्याचा_वकील

उत्तम. त्या परवान्याला लॅमिनेशन करू नका, प्लास्टिकमध्ये कागद कायमचा खराब होतो. स्कॅन करा, साक्षांकित प्रत अर्जाला जोडा, मूळ कागद घरी. वारसाहक्काच्या अर्जात हा कागद फार कामाचा आहे.

जुनंलोखंड

पंचनाम्यात खुणा लिहून घेतल्यात हे सगळ्यात शहाणपणाचं झालं. पोलीस ठाण्याच्या मालखान्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या वस्तूंची लेबलं गळतात. उद्या परत घ्यायची वेळ आली तर 'एक जुने रिव्हॉल्व्हर' या वर्णनात कुठलंही बसतं. मुकुट आणि एएफ, आणि मुठीची चीर, यात एकच बसेल.

अभिप्राय आला की इथे लिहा. आणि कधी नागपूरला गेलात तर अजब बंगल्यात (तिथल्या संग्रहालयात) शस्त्रांचं दालन पाहून या, मोठ्या बाबांनाही न्या.

धामणगावकर

उशिरा आलो. आमच्याकडेही आजोबांच्या ट्रंकेत एक आहे, पण त्याच्या चक्रीला बाहेरून खाचा आहेत आणि ट्रिगर घडी होऊन आत जातो. हे काय असेल? खाली आहे, पाहून घेतलंय.

जुनंलोखंड

चक्रीच्या मागच्या कडेला खाचा म्हणजे पिनफायर दिसतंय, काडतुसाची पिन त्या खाचेतून बाहेर यायची. लफोशे या फ्रेंच कारागिराची पद्धत, लीजमध्येही ती अमाप बनली. यासाठी नवा धागा काढा भाऊ, ईएलजी शोधा, मुकुट आहे की नाही ते भिंगाने पाहा. पण त्याआधी पोलीस पाटलांना सांगा आणि ठाणेदारांना अर्ज द्या.